मोहाची पहिली मागणी

चाळीस दिवसांच्या उपोषणाने क्षीण झालेल्या येशूपुढे सैतान जी पहिली मागणी मांडतो, ती राज्याची वा रत्नांची नसून केवळ पायाशी पडलेल्या धोंड्यांच्या भाकरी करण्याची आहे, आणि मोहाचे खरे स्वरूप मला या साध्या मागणीतच दिसते. कारण मोह क्वचितच पापाच्या वेषात येतो, तो बहुधा रास्त गरजेचा अर्ज घेऊन दाराशी उभा राहतो. मत्तयाच्या वृत्तांतात तर दुसऱ्या खेपेस सैतान स्तोत्रसंहितेचाच दाखला देतो. येशू तिन्ही वेळा अनुवादाच्या ग्रंथातील वचनाने उत्तर देतो, हुज्जत घालीत नाही. हुज्जत घातली की अर्धी मुभा दिलीच, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

परंतु गरज नसतानाही मोह होतो, त्याचे काय? संत ऑगस्टीनने इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या कबुलीजबाबात सोळाव्या वर्षीची एक चोरी नोंदविली आहे: अपरात्री सवंगड्यांसह शेजारचे नासपतीचे झाड झोडपून ओझेभर फळे पळविली, जेमतेम चाखली आणि डुकरांपुढे टाकली; याहून उत्तम फळे त्याच्याकडे होती. बिशपपदी पोहोचलेला हा विद्वान त्या क्षुल्लक फळांपाशी दीर्घकाळ रेंगाळतो आणि अखेर कबूल करतो, की एकटा असतो तर हे कृत्य माझ्या हातून घडलेच नसते. प्रभूच्या प्रार्थनेतही मोहापासून सुटका अनेकवचनातच मागितलेली आहे. म्हणून उपवासकाळात मांस वर्ज्य करताना, आपण कोणाच्या संगतीत बसतो याचीही झडती प्रत्येक मंडळीने घ्यावी, असे मला मनापासून वाटते.