मुहूर्त आणि मार्ग

दोन महिन्यांपूर्वीं एके दिवशीं सकाळीं आमचे साताऱ्याचे एक स्नेही काखेंत दाते पंचांग घेऊन घरीं आले. चहा पुढें येण्यापूर्वींच म्हणाले, “मास्तर, सूनबाईंस चौतिसावा आठवडा चालू आहे. पोटावर शस्त्रक्रिया करूनच मूल बाहेर काढावें लागेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. करावयाचीच आहे, तर बरा दिवस व बरी घटिका तेवढी काढून द्या.”

अलीकडे या कामासाठीं येणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि माझें उत्तरही ठरून गेलें आहे. धर्मसिंधूसारख्या ग्रंथांत सूतिकागृहांत प्रवेश करण्याचा मुहूर्त सांपडतो. मूळ किंवा आश्लेषा नक्षत्रावर मूल झाल्यास करावयाची शांतिही सांपडते. परंतु जन्माचीच वेळ निवडण्याचें काम शास्त्रकारांनीं कोणा शास्त्र्यावर अथवा मास्तरावर सोंपविलेलें माझ्या वाचनांत नाहीं. हें ऐकून स्नेही थोडे हिरमुसले. मीं विचारलें, “मुहूर्त राहूं द्या. शस्त्रक्रिया कशासाठीं, तें सांगा.” त्यावर ते म्हणाले, “तिला तो आंतड्याचा क्रोन्स कीं काय रोग आहे ना, म्हणून.” थोडें थांबून पुन्हां म्हणाले, “पण घरांत एकमत नाहीं. आम्हीं दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंस दाखविलें. त्या म्हणतात, नैसर्गिक प्रसूतीस कांहीं अडचण दिसत नाहीं. तेव्हां पहिल्या डॉक्टरांस शस्त्रक्रियेची घाई कां, असें हिला वाटूं लागलें आहे.”

असें वाटणें अगदींच निराधार नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील चार प्रसूतींमागें सुमारें एक शस्त्रक्रियेनें झाल्याचें आढळलें. आणि सबंध देशाचे आंकडे पाहतां सरकारी रुग्णालयांत शंभरांत १४, तर खाजगी रुग्णालयांत ४७! घरच्या मंडळींच्या मनांत शंका आली, तर तिला दोष कसा द्यावा? परंतु शंका घेण्यापूर्वीं रोग कोणता व कोठें आहे, हें पाहिलें पाहिजे. आणि तें या घरांत कोणींच पाहिलेलें नव्हतें.

या रोगास नांव मिळालें तें न्यूयॉर्क येथील डॉ. बरिल क्रोन यांचें. त्यांनीं व त्यांच्या दोघां सहकाऱ्यांनीं १९३२ सालीं लहान आंतड्याच्या शेवटच्या भागाला येणाऱ्या दाहाचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें असें कळून आलें कीं, हा रोग मुखापासून गुदापर्यंत अन्नमार्गांत कोठेंही उद्भवूं शकतो, आंतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरतो, शमतो आणि पुन्हां उसळतो. आपल्याकडे आंतड्याचा क्षयही पुष्कळ. दोहोंचीं लक्षणें इतकीं सारखीं कीं, प्रथम कित्येक महिने क्षयाचीं औषधें घेऊन मग खऱ्या रोगाचें निदान होणें, ही नित्याची हकीकत आहे. या सूनबाईंचेंही तसेंच झालें होतें. विवाहाच्या वेळीं “थोडी पोटाची तक्रार आहे” एवढेंच सांगण्यांत आलें होतें.

योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत सांगलीकडील एका वाचक भगिनीचें पत्र आलें. रोग तोच; परंतु केवळ लहान आंतड्यांत. पूर्वीं एकदां आंतड्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया झालेली. गेलीं दोन वर्षें रोग शांत. डॉक्टर म्हणतात, नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहूं. घरचीं माणसें मात्र म्हणतात, एवढा मोठा रोग, कळा कशाला सोसावयाच्या, सरळ शस्त्रक्रिया करून घ्या. म्हणजे साताऱ्यास घरच्यांना शस्त्रक्रिया नको, सांगलीस ती हवी. आणि दोन्हीं घरांत कारण एकच, रोगाचें नांव! परंतु नांवावरून येथें कांहींच ठरत नाहीं. पूर्वीं पोट उघडलेलें असेल तर आंतील भाग एकमेकांस चिकटलेले असतात आणि पुन्हां पोट उघडणें अधिक बिकट होतें. शिवाय या रोगांत रक्ताच्या गांठी होण्याचें भय अधिक, तें शस्त्रक्रियेनंतर आणखी वाढतें. सांगलीच्या भगिनीस मीं एवढेंच लिहिलें कीं, आपल्या डॉक्टरांचें म्हणणें आजच्या सर्वमान्य मतास धरून आहे. तें घरच्यांनीं त्यांच्याच तोंडून ऐकावें.

मग कोणत्या स्थितींत शस्त्रक्रियाच इष्ट? येथें आपल्या जुन्या ग्रंथांचा फार उपयोग होतो, म्हणून थोडें विषयांतर करतों. सुश्रुतानें गुदाच्या तीन वळी सांगितल्या आहेत: प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी. शेवटची मार्ग आवरून धरणारी. आजचे डॉक्टर जो आकुंचन करणारा स्नायु म्हणतात, त्याचें काम तिच्या नांवांतच आलें आहे. त्याच ग्रंथांत भगंदराचे पांच प्रकार दिले असून भग, गुद व बस्ति या प्रदेशांचें दारण करतो म्हणून तो भगंदर, अशी त्याची व्युत्पत्ति सांगितली आहे. क्रोनच्या रोगांत कित्येकांना नेमका हाच उपद्रव होतो: गुदाजवळ नाडीव्रण पडतात, वाहतात, भरतात, पुन्हां फुटतात, स्त्रियांत ते कधीं कधीं योनिमार्गापर्यंतही पोंचतात. असा व्रण प्रसूतीच्या वेळीं वाहता असेल, तर मूल त्याच्या शेजारून खालीं उतरतांना जी जागा फाटते किंवा जेथें छेद द्यावा लागतो, ती नीट भरून येत नाहीं. नवे नाडीव्रण पडतात. संवरणीस इजा झाल्यास मलावरचा ताबा कायमचा जाण्याचें भय असतें. म्हणून गुदाजवळचा रोग चालू असेल तर शस्त्रक्रिया, आणि तो नसेल तर इतर कोणाही गर्भिणीप्रमाणें विचार, असें आज बहुतेक तज्ज्ञ सांगतात. व्रण पूर्वीं होऊन गेला असून आतां पूर्ण भरलेला असेल, तर मात्र पोटाचे व प्रसूतीचे अशा दोन्ही डॉक्टरांनीं तपासून, त्या स्त्रीशीं बोलून ठरवावें लागतें.

(शस्त्रक्रियेच्या प्रसूतीस ज्यूलियस सीझरचें नांव चिकटलें आहे, तें मात्र खोटें असावें. त्या काळीं आई मेल्यावरच पोट फाडीत, आणि सीझरची आई तर तो मोठा सेनापति होईपर्यंत जिवंत होती. सुश्रुतानेंही ती क्रिया मृत मातेसाठींच सांगितली आहे.)

आतां प्रश्न राहिला तो हा कीं, दोन डॉक्टरांचीं मतें दोन कां? हा प्रश्न मीं सोडविला नाहीं. आमच्या घरांतून सोडविला गेला. आमच्या मंडळी सूनबाईंसाठीं डिंकाचे लाडू घेऊन गेल्या आणि दोन तास तिच्याजवळ बसून आल्या. तेव्हां कळलें कीं, तिला भगंदराचा त्रास तीन वर्षें आहे, एकदां त्यांत दोराही घातला होता, आणि सातव्या महिन्यापासून तो पुन्हां वाहूं लागला आहे. हें पोटाच्या डॉक्टरांस ठाऊक होतें. त्यांनींच पहिल्या डॉक्टरांस कळविलें होतें. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनीं “खालच्या बाजूस कांहीं त्रास?” असें स्पष्ट विचारलें होतें, परंतु सासूबाई शेजारच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. “काकू, मीं मानेनेंच नाहीं म्हटलें,” असें सांगून ती रडूं लागली.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं अमेरिकेंतील विद्यालयाकडे पाठविलेल्या अर्जांत, पुरुष वैद्याचा हात लागण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींचा उल्लेख केला होता. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांचें पहिलें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें होतें, आणि पुढें १८८६ सालीं त्यांनीं पदवीसाठीं प्रबंध लिहिला तोही आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. आज त्यांच्या मागून आलेल्या डॉक्टरीणबाई गांवोगांवीं आहेत. तरी सुशिक्षित घरांतील मुलगी सासूसमोर एक शब्द उच्चारूं शकत नाहीं, आणि त्या न उच्चारलेल्या शब्दावर तिचें पुढचें सारें आयुष्य लोंबकळत राहतें! यांत सासूबाईंस दुष्ट म्हणण्याचें कारण नाहीं. आपण खोलीबाहेर बसावें, हें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें.

पुढच्या आठवड्यांत सूनबाई पुन्हां त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेली, या वेळीं एकटी आंत. त्यांनीं तपासलें, पोटाच्या डॉक्टरांशीं फोनवर बोलल्या, आणि आपलें मत तेथल्या तेथें बदललें.

आणखी एक गोष्ट त्या दिवशीं उघडकीस आली, ती लहान नाहीं. गर्भाला बाधेल या भयानें घरांत तिचीं औषधें कमी करण्याचा बेत चालला होता. मेथोट्रेक्झेटसारखें एखादें औषध गर्भास घातक आहे व तें गर्भधारणेपूर्वींच बंद करावें लागतें. परंतु या रोगाचीं बहुतेक औषधें चालू ठेवणेंच हितकर असतें, कारण रोग उसळला तर अकालीं प्रसूतीचें व कमी वजनाच्या मुलाचें भय औषधापेक्षां मोठें. सूनबाई इन्फ्लिक्सिमॅबचीं इंजेक्शनें घेते. तें औषध शेवटच्या तीन महिन्यांत वारेंतून मुलाच्या रक्तांत उतरतें आणि कित्येक महिने तेथें राहतें. आपल्याकडे जन्मतांच क्षयप्रतिबंधक बी.सी.जी. लस टोंचतात, ती जिवंत जंतूंची असल्यामुळें अशा मुलास सहा महिने तरी देऊं नये, नाहीं तर ती त्याच्या जिवावर बेतूं शकते. इतर जिवंत लशींविषयींही बालरोगतज्ज्ञांस आधीं विचारावें. प्रसूतिगृहांतील परिचारिका नित्याच्या क्रमानें लस देऊन मोकळी होईल, म्हणून आमच्या स्नेह्यांनीं फाइलीवर तांबड्या शाईनें मोठ्या अक्षरांत सूचना लिहून घेतली. शिक्षक या नात्यानें त्यांतील एक ऱ्हस्व-दीर्घ मीं दुरुस्त केलें.

तारीख डॉक्टरांनींच दिली, ३९ व्या आठवड्यांतील एक शुक्रवार. स्नेह्यांनीं संवयीनें पंचांग उघडलें, तों त्या सकाळीं भद्रा! मजकडे पाहून म्हणाले, “दिवस बदलून मिळतो का विचारूं?” मी कांहीं बोलणार, तोंच आंतून सासूबाईंचा आवाज आला, “कांहीं विचारूं नका. त्या दिवशीं दोन्हीं डॉक्टर हजर आहेत.”