एका घरात दोन बिऱ्हाडे

बिऱ्हाडकरू ठेवण्याइतके ऐसपैस घर आमच्या नशिबी कधी आले नाही. तरीही २०२५ सालच्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही एक ठेवला, तोही लॅपटॉपात!

त्याचे असे झाले. आमचा लॅपटॉप नऊ वर्षांचा. त्यावरच्या विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबरला थांबणार होती, आणि विंडोज ११ त्याला दारात उभे करीत नव्हते. प्रोसेसर जुना म्हणे. माणसाला साठाव्या वर्षी निवृत्त करतात, यंत्राला नवव्या! नवा घ्यावा, तर मुलीच्या फीची पावती समोर दिसे. तेव्हा टी. वाय.चा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्स घाला. पैसे पडत नाहीत."

नाव ऐकून होतो. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने त्याचा गाभा लिहिला आणि जगाला खुला करून दिला. एकविसाव्या वर्षी आम्ही कविता लिहीत होतो. त्या कुणी फुकटही नेल्या नाहीत. असो.

आधी सगळ्या फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढली. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट नुसते चालवून पाहिले. डिस्कला हात न लावता असे पाहता येते, ही सोय मला फार आवडली; खोली घेण्याआधी एक रात्र राहून पाहावे तशी. मग वाटणी. विंडोजचा विभाग आखडून साठ जीबी मोकळे केले. गावच्या वाड्यात चुलत्यांनी भिंत घातली तेव्हा आजी जशी तुळशीपाशी बसून राहिली होती, तसा मी खुर्चीत बसून होतो. पण झाले सुरळीत. आता यंत्र सुरू केले की काळ्या पडद्यावर दोन्ही नावे येतात, आणि कुणाकडे जायचे ते आपण सांगायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला विंडोज उघडले, तर घड्याळात साडेचार! लिनक्स यंत्रातले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावते, आणि विंडोज ती आपल्या गावचीच वेळ आहे असे धरून चालते. मधले साडेपाच तास आपले. "अहो, तुमचा बिऱ्हाडकरू विलायतेचा दिसतोय," सौभाग्यवती म्हणाल्या. लिनक्सला एका ओळीची आज्ञा देऊन ते भांडण मिटवले.

खरा घोर पुढेच होता. माझे वडील प्राथमिक शिक्षक. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी याच यंत्रावर आपल्या आठवणी टंकून ठेवल्या. एकशे बारा पाने. ती फाईल लिनक्समध्ये उघडली. पहिल्या ओळीत त्यांच्या आईचे नाव असायला हवे होते. तिथे रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे!

फाईल बिघडली नव्हती. ते जुने फॉन्ट रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार बसवीत. फॉन्ट दूर झाला की खालचे रोमन उघडे पडते. युनिकोडात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. म्हणजे वडिलांचे सारे आयुष्य एका फॉन्टाच्या ओसरीवर बसले होते, आणि मराठी शिकवून पोट भरणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता! फॉन्ट उचलून इकडे आणता येतो; पण ओसरी तीच.

म्हणून मजकूर युनिकोडात बदलून घेतला. बदलणारा प्रोग्राम हुशार, पण वेलांट्यांपाशी अडखळतो. त्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी टंकावी लागे, युनिकोडात ती नंतर येते. रफारांचीही अशीच ओढाताण. तेव्हा दर रविवारी लिनक्समध्ये एकेक ओळ तपासतो. मूळ प्रत विंडोजच्या घरात तशीच ठेवली आहे. अडले की तिकडे जायचे.

गेल्या रविवारी एकेचाळिसाव्या पानावर 'आणी' असे दीर्घ आढळले. जन्मभर पोरांच्या पाट्या तपासणाऱ्या माणसाची ही चूक कशी असेल? प्रोग्रामचीच, असे म्हणत मी विंडोज उघडून मूळ पान काढले.

चूक वडिलांचीच होती. तशीच ठेवली.