नाव सांगायची घाई

५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर भल्या सकाळी दुर्बिणींची वर्दळ सुरू होते. स्वर्गीय नर्तक दिसला की कॅमेऱ्यांचा कडकडाट होतो. गिरिपुष्पाच्या शेंड्यावर सात-आठ ग्रॅमचा वटवट्या (वॉर्बलर) हलला, तर मात्र फारसं कुणी मान वर करत नाही. कुणी फोटो काढलाच, तर तो ग्रुपवर पडायच्या आत नाव हवं असतं. अॅप एक नाव सुचवतं, दोघे-तिघे अंगठा दाखवतात, झाली नोंद पक्की! माझा आक्षेप आहे तो या घाईला.

बँकेत माझी बरीच नोकरी चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेली. एका अक्षराचं वळण जुळलं म्हणून आम्ही चेक पास करत नव्हतो. वटवट्यांच्या बाबतीतही एका खुणेवर विसंबून चालत नाही.

ग्रीनिश वॉर्बलर घ्या. पाठ मळकट हिरवी, पोट पांढुरकं, डोळ्यावर लांब फिकट भुवई, डोळ्यातून जाणारी गडद रेघ, खालची चोच फिकट नारिंगी आणि पंखावर एकच बारीक पट्टा. चित्रात हा पट्टा ठसठशीत असतो. प्रत्यक्षात पिसं झिजत जातात आणि हिवाळा सरेपर्यंत तो जवळजवळ पुसलेला असू शकतो. शिवाय पानांतून झिरपणारा उजेड तपकिरी पक्ष्यालाही हिरवट करून टाकतो. सोबतची कॉलेजची मुलं म्हणतात, ‘‘काका, नाव सांगा ना पटकन!’’ मी विचारतो, ‘‘पट्टे किती दिसले? डोक्यावर मधोमध फिकट रेघ होती का? ओरडला कसा?’’ ‘चि-वी’ असा दोन तुकड्यांतला आवाज कानावर पडला, तर ग्रीनिशची खात्री बरीच वाढते.

वागणूकही बोलकी असते. सल्फर-बेलीड वॉर्बलर खडकांवरून आणि झाडाच्या बुंध्यावरून सरपटल्यासारखा फिरतो. ब्लिथ्स रीड वॉर्बलर नावाने बोरूतला, पण हिवाळ्यात घाणेरीच्या जाळीत दडून ‘चक् चक्’ करत बसतो. त्याच्या अंगावर लक्षात राहील अशी एकही ठळक खूण नाही आणि भुवईही आखूड. नुसत्या फोटोत हा कुणीही वाटू शकतो.

हा पेच जुना आहे. दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये एका वटवट्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोच आजचा साइक्सेस वॉर्बलर. पुढे बराच काळ त्याला बूटेड वॉर्बलरची उपजात समजत. दोघांत फरक कसला, तर साइक्सेसची चोच जरा लांब, शेपूट जरा लांब आणि रंग थोडा राखाडी. पक्षी हातात घेऊन मोजणाऱ्यांचा जिथे इतका वेळ गेला, तिथे झुडपाआडून टिपलेल्या एका धूसर फोटोवरून आपण छातीठोक नाव कसं सांगायचं?

‘चुकलं तर काय बिघडलं?’ असं कुणी विचारेल. भारतातल्या पक्ष्यांची स्थिती मांडणारा २०२३चा अहवाल तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे हे वटवटे वीण करतात ती हिमालयात, मध्य आशियात, कुणी थेट पूर्व युरोपात. ते कमी होताहेत की नाहीत, हे कळायला आपल्या नोंदीही लागतात. घाईत ठोकलेलं नाव त्या हिशेबात खोटी भर घालतं. ‘वटवट्या, जात नक्की नाही’ ही नोंद मात्र खरी असते आणि ऑनलाइन यादीत तशी नोंद करायची सोयही आहे. खात्रीसाठी मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचा उद्योग तर बंदच व्हायला हवा. इतक्या लांबून आलेल्या जिवाला खायचं सोडून भांडायला लावण्यात कसला अभ्यास?

सप्ताहाच्या शेवटी बऱ्याच ग्रुपमध्ये सर्वाधिक जाती पाहणाऱ्याचं कौतुक होतं. यंदा एक बक्षीस उत्तम टिपणाला ठेवा. भुवई, पट्टा, चोच, आवाज, जागा असं सगळं नीट लिहिलेलं असावं. नावाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह असलं तरी त्या टिपणाला पहिला नंबर मिळू द्या.