बिलही वाचा!



मुंबईच्या कॉकटेल बारांवरचे गेल्या अंकातील पत्र वाचले. मोठ्या हॉटेलातले ते चांगले आणि उपनगरातले ते टाकाऊ, हा त्यातला सूर पटला नाही. ‘ताज’मधला हार्बर बार 1933 पासूनचा, त्याचा मान आहेच. पण लोअर परळच्या एका झगमगत्या ठिकाणी मला ताज्या लिंबाऐवजी बाटलीतला गोडमिट्ट रस मिळाला. बर्फ इतका बारीक, की दोन घोटांत ग्लासात निव्वळ पाणी. उलट ठाण्यात स्टेशनजवळच्या साध्या बारमध्ये पोऱ्याने समोर लिंबू चिरले, पेग मापाने ओतला, बर्फाचे मोठे खडे टाकले. तिथे नाव ठेवायला जागा नव्हती, पंखा तेवढा कुरकुरत होता.

बिलाबद्दल पत्रलेखक गप्पच आहेत. आमचे धसई 2016 मध्ये कॅशलेस गाव म्हणून गाजले. बिले निरखायची खोड आम्हाला असणारच! सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच बजावले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. मद्यावरचा व्हॅट मात्र सरकारचा. त्यासाठी वेटरवर खेकसू नये.

मोठे आणि साधे हा भेद बारांपुरताच नाही, दारूतही आहे. आमच्या रानातल्या मोहाची दारू पाड्यावर गाळली तर गुन्हा. डहाणूच्या एका डिस्टिलरीची तीच दारू दिमाखात बाटलीतून विकली जाते. पत्रलेखकांनी यावरही लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, धसई (ता. मुरबाड, जि. ठाणे)