बुडालेल्या नौका पुन्हा तरंगतात तेव्हा

२०२५ च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्ष ऐन भरात असताना, एका रात्री आपल्या अनेक दूरचित्रवाणी वाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याची वार्ता दिली. सकाळी कराची बंदर जागच्या जागी होते. प्रकार हसण्यावारी गेला, कारण त्या वार्तेवर विसंबून कोणी सैन्य हलविले नव्हते. हलविले गेले तर काय होते, हे समजून घेण्यास एक संगणकीय युद्धखेळ उपयोगी पडावा.

‘वॉर इन द पॅसिफिक’ हा तो खेळ. दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिकची मोहीम त्यात एकेका दिवसाच्या डावाने खेळतात. माझा एक विद्यार्थी अभ्यासापेक्षा अधिक निष्ठेने त्यात गुंतलेला असतो. प्रत्येक डावानंतर लढाईचा अहवाल येतो. पण तो सत्य सांगेलच असे नाही. बुडाली म्हणून नोंदलेली शत्रूची विमानवाहू नौका पुढे दुसऱ्याच बेटापाशी उभी ठाकते. तोवर नवख्या खेळाडूने मोकळा समुद्र गृहीत धरून आपली डिव्हिजन जहाजांवर चढविलेली असते. खऱ्या अहवालावर शंका घेतली तर चार दिवस वाया जातात. खोट्यावर विश्वास ठेवला तर डिव्हिजन जाते. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला वेगळे सांगावे लागू नये.

अर्थात, खेळातील पंचाचा निर्णय मानला तरच खेळ काही शिकवतो. मिडवेच्या स्वारीपूर्वी, मे १९४२ मध्ये, ‘यामातो’ युद्धनौकेवर जपानी नौदलाने असाच सराव केला. पंचाने फासे टाकून ‘आकागी’ व ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्याचे ठरविले. ॲडमिरल उगाकी यांनी बॉम्बचे नेम कमी मोजावयास लावले. ‘आकागी’ बचावली आणि बुडालेली ‘कागा’सुद्धा पुढील डावात पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये प्रत्यक्ष समुद्रात दोघीही बुडाल्या.

परंतु खोट्या अहवालाचा खरा धडा १९४४ च्या ऑक्टोबरमधील फॉर्मोसाजवळच्या हवाई लढाईत आहे. नवशिके जपानी वैमानिक रात्रीच्या अंधारात अमेरिकी ताफ्यावर तुटून पडले. समुद्रावर दिसलेली प्रत्येक ज्वाला त्यांना जळते जहाज वाटली. त्यांतील कित्येक ज्वाला त्यांच्याच कोसळलेल्या विमानांच्या होत्या. वरच्या प्रत्येक पायरीवर आकड्यांची बेरीज झाली, वजाबाकी कोणी केली नाही. अकरा विमानवाहू नौका बुडविल्याचे सरकारी पत्रक निघाले. वास्तविक एकही बुडाली नव्हती. दोन क्रूझर तेवढ्या जबर जखमी झाल्या होत्या. उलट जपानची तीनशेहून अधिक विमाने गेली होती. होरी एइझो या लष्करी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने परतलेल्या वैमानिकांची उलटतपासणी केली व त्यास हे दावे पटेनात, असे त्याच्या आठवणींत आहे. नौदलालाही लवकरच सत्याचा सुगावा लागला. मग ते लष्कराला स्पष्टपणे का कळविले नाही? तोवर देशभर विजयोत्सव सुरू झाले होते, खुद्द सम्राटांचे गौरवपत्र निघाले होते. एवढ्या जल्लोषानंतर आमची मोजणी चुकली असे म्हणणार कोण?

माझ्या मते दोष वैमानिकांचा नव्हे. जीव मुठीत धरून परतलेला माणूस आपला नेम चुकला असे सहसा समजत नाही. दोष त्याची मोजणी त्याच्याच वरिष्ठांकडे सोपविणाऱ्या व्यवस्थेचा आहे. आणि जल्लोषाने दुरुस्तीची वाट बंद होते, ही गोष्ट आपल्या वाहिन्यांना लागू पडते. उद्या एखादा सेनाधिकारी ‘बंदर पडले नाही’ असे सांगू लागला, तर रात्रभर फटाके वाजविलेल्या देशात त्याचे ऐकून घेतले जाईल काय?

जपानी लष्कराने ते पत्रक खरे मानले. निर्णायक लढाई लुझॉन बेटावर द्यावी ही जनरल यामाशिता यांची योजना बाजूला सारून त्यांना लेटे बेटावर कुमक पाठविण्याचा हुकूम झाला. ऑर्मोकच्या किनाऱ्यावर तीस हजारांहून अधिक सैनिक उतरविण्यात आले. ११ नोव्हेंबर रोजी असाच एक ताफा ऑर्मोकच्या उपसागरात शिरत असता विमानांनी गाठला व त्यातील सैनिकांनी भरलेली जहाजे बुडविली. ही विमाने, बुडाल्या म्हणून जाहीर झालेल्या त्याच अमेरिकी ताफ्याच्या विमानवाहू नौकांवरून उडाली होती.