बायांना काटकसर शिकवू नका

बाईनं हात राखून खर्च केला तर घर चालतं, हे ऐकून ऐकून माझे कान किटले. गावात सभा असो का बचत गटाची बैठक, कुणी ना कुणी साहेब येतो आणि बाजाराला जाताना यादी करा, हिशेब ठेवा, वायफळ खर्च टाळा म्हणून सांगून जातो. मी दहावीपर्यंत शिकलेली, शेतात राबणारी बाई. हिशेबाची वही मी चाळीस वर्षं ठेवते. त्यातलंच एक पान पुढं ठेवते.

घरात सहा माणसं. आठवड्याच्या बाजाराला 800 रुपये. तूरडाळ किलोभर 130, गोडेतेल 150, शेंगदाणे अर्धा किलो 70, साखर दीड किलो 70, चहापूड 60. झाले 480. कांदा, बटाटा, लसूण, मिरची मिळून 100. वांगी, गवार, मेथी असं माळवं 120. साबण 50. उरले 50. त्यात नातवंडांना अंडी आणायची का तापाच्या गोळ्या, एवढंच ठरवायचं बाईच्या हातात राहतं. 800 ला सहा माणसांनी भागा, मग सात दिवसांनी भागा. माणशी दिवसाला 19 रुपये. ह्यातलं वायफळ काय, ते साहेबांनी बोट ठेवून दाखवावं.

लगेच कुणीतरी म्हणतं, रेशन फुकट मिळतंय की! मिळतंय. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं आमच्यासारख्या कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य ठरलं. आधी दोन-तीन रुपये किलोनं, 2023 च्या जानेवारीपासून फुकट. त्याला मी नावं ठेवणार नाही. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडून सुकडी खाल्ली, त्यांना दाण्याची किंमत कळते. पण दाणा म्हणजे जेवण नव्हे. वरची यादी पुन्हा बघा. त्यात गहू-तांदूळ आहे का? रेशन धरून, घरची ज्वारी धरून, वर हे 800 लागतात. पैसा जातो तो डाळीला, तेलाला आणि माळव्याला.

ही डाळ, हे तेल पूर्वी बाजारातनं येत नव्हतं. आपला जिल्हा शाळूचा. मालदांडीचं 35-1 वाण मोहोळचं; मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ह्या शाळवात ठरावीक ओळींनंतर करडई असायची, कडंला हरभरा, जवस. पावसाळी बाजरीत तूर, मटकी, हुलगा. करडई घाण्यावर नेली की वर्षाचं तेल घरात. बाजारातनं आणायचं ते मीठ, चहा, कापड. मग 1980 च्या सुमाराला उजनी झालं, ऊस आला, कारखाने आले. पाण्याला मी वाईट म्हणत नाही. त्या पाण्यावर पोरं शिकली. पण उसात करडईची ओळ राहत नाही. आणि जिथं पाणी पोचलं नाही तिथंही ती मोडली, कारण उसाला ठरलेलं गिऱ्हाईक आहे, करडईला नाही. आज देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल परदेशातनं येतं. हे काय बायांच्या उधळपट्टीनं झालं?

कांद्याचं बघा. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं पाचशे किलोवर कांदा सोलापूरला विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन दोन रुपयांचा चेक हातात आला. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती 2024 च्या मे महिन्यापर्यंत. कशासाठी? तर शहरात कांदा महागू नये म्हणून. शहरातल्या वाचकांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असाच हिशेब घालत असणार, हे मला कळतं. पण तुमच्या पिशवीत वाचलेले दहा रुपये आमच्या पिशवीतनं काढलेले असतात. तेवढं ध्यानात असू द्या.

मागणं सरळ आहे. आमच्या रेशन दुकानात कधीमधी नव्हे, बारा महिने इथली ज्वारी द्या. कायद्यात भरडधान्याला जागा आहेच. तिच्या जोडीला इथलीच तूरडाळ आणि करडईचं तेल द्या, आणि तो माल पेरणीआधी भाव सांगून आमच्याकडनंच घ्या. नवऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळंल आणि बायकोचा बाजार हलका होईल. एकाच घरातली दोन दुखणी एकाच औषधानं बरी होतात.

ठरलेला भाव मिळाला की करडईची ओळ पुढच्या रब्बीतच पडंल. किती ओळींनंतर टाकायची, ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून जित्या आहेत. त्या आहेत तोवर विचारा.