आपल्या घराची अदृश्य पाटी

गेल्या वर्षी या सदरात आपण फोनमधल्या फोटोंचा पसारा आवरला होता. यंदाचा विषय त्याहून लहान आहे: आपल्या घरच्या वाय-फायचं नाव.

हसू नका. जूनपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. माझी आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे एडिसनला आली होती. बाबांना एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून ते तिकडेच दादाकडे. रोज सकाळी नऊला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी साडेसहाला, आई टॅब घेऊन खोलीचं दार लोटायची आणि दोघांच्या अर्धा-पाऊण तास गप्पा चालायच्या.

इंटरनेट कंपनीने नवा राउटर पाठवला. नवऱ्याने तो रविवारी रात्री लावला, स्वतःचा फोन आणि लॅपटॉप जोडला आणि सोमवारी पहाटे कामासाठी शिकागोचं विमान पकडलं. नऊ वाजता आईचा टॅब काही केल्या लागेना. यादी उघडली तर सतरा नावं! कुणाच्या कुत्र्याचं नाव, कुणाचा बेसबॉलचा संघ, बाकीची नुसती अक्षरं आणि आकडे. यातलं आमचं कोणतं? एम.ए. झालेली, सहा वर्षं शाळेत शिकवलेली मी, स्वतःच्याच घराची पाटी शोधत उभी होते.

शेवटी आईला माझा फोन दिला. ‘जेवलात का? गोळी घेतली का?’ दोन मिनिटांत तिने फोन परत केला. लेकीच्या फोनवर, लेकीसमोर, ती मोकळेपणी बोललीच नाही. ते मला फार लागलं.

मग राउटर उलटा केला. खाली स्टिकर होता. त्यावर ‘नेटवर्क नेम’ किंवा ‘एसएसआयडी’ असं लिहिलेलं असतं. तेच आपल्या वाय-फायचं नाव. शेजारीच पासवर्ड. (घरातलं एखादं उपकरण आधीच जोडलेलं असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या यादीत ज्याच्यापुढे बरोबरची खूण, ते आपलं.) टॅब जोडला. मग टीव्ही, प्रिंटर, दाराची घंटा, असं एकेकाला शिकवण्यात दुपार गेली. रात्री नवरा फोनवर म्हणाला, ‘अगं, नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला असता, तर बहुतेक सगळं आपोआप जोडलं गेलं असतं.’ मात्र दोन्ही हुबेहूब हवीत. लहान-मोठं रोमन अक्षर बदललं तरी उपकरण ओळख दाखवत नाही.

पण जुनं नाव कळल्यावर मला ते नकोसंच झालं. आमचं आडनाव आणि अपार्टमेंटचा क्रमांक! पासवर्ड नसला तरी नाव आसपासच्या प्रत्येक फोनवर दिसतं. म्हणून त्यात आडनाव, पत्ता, जन्मसाल घालू नये. काहीजण नावच लपवतात. त्याने पाहुण्यांची तेवढी पंचाईत होते. शोधणाऱ्याला नेटवर्क सापडतंच. खरं कुलूप म्हणजे लांबलचक पासवर्ड.

नाव बदलायचं ते राउटरच्या ॲपमधून, किंवा स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून. तिथे शिरायला वेगळा पासवर्ड लागतो. वाय-फायचा पासवर्ड ही पाहुण्याला द्यायची किल्ली, हा मात्र तिजोरीचा. तोही बदलून ठेवा.

नाव मराठीत हवं, असा लेकीचा हट्ट. तिने टाइप केलं, ‘आपलं मराठी घर’. राउटरने नाकारलं. कारण शोधलं तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. या नावाला ३२ बाइटची जागा असते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळ्यांची वेगळी मोजणी. म्हणजे फार तर दहा चिन्हं. ‘दिवाळी’ची सहा, आरामात बसते. ‘ज्ञानेश्वरी’ दिसायला चार अक्षरांची, पण चिन्हं अकरा, म्हणजे ३३ बाइट. एका बाइटने बाहेर!

काही राउटर देवनागरी घेतच नाहीत. आमच्या राउटरने घेतली, पण प्रिंटरला ती वाचता येईना. म्हणून तोडगा काढला: घरच्या उपकरणांसाठी रोमन लिपीतलं साधं नाव, आणि पाहुण्यांसाठी जे वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करता येतं, त्याला देवनागरी. पाहुण्यांचे फोन घरच्या उपकरणांपासून वेगळे राहतात, हा आणखी एक फायदा.

दर रविवारी आमच्याकडे सात-आठ मुलं मराठी शिकायला येतात. आता दर रविवारी मी त्या गेस्ट नेटवर्कचं नाव बदलते. ‘चकली’, ‘उंबरठा’, ‘भाकरवडी’. मुलं दारातच फोन काढतात आणि मोठ्याने अक्षरं जुळवायला लागतात. वाचता आलं, की पासवर्ड मिळतो. माझ्या सगळ्या वर्गपाठांनी जे साधलं नाही, ते या एका शब्दाने साधलं.

आई सप्टेंबरमध्ये परत गेली. निघण्यापूर्वी तिने आपल्या वहीत नाव आणि पासवर्ड स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला. म्हणाली, ‘पुढच्या वेळी तुला विचारायला नको. आणि मी येईपर्यंत बदलू नकोस.’

या दिवाळीत एवढं करा. राउटर उलटा करा, नाव बघा, ते आणि पासवर्ड कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरातल्या सगळ्यांना दाखवा. पाहुण्या आलेल्या आजी-आजोबांना आधी.